शेवंताची सावली

एकदा काय झालं, एका डोंगराखाली एक गाव होतं. तिथलं ऊन भारी कडक आणि सावल्या भारी हळव्या. कुणाच्या सावलीवर पाय पडला, की त्या माणसाला कळ यायची. म्हणून मोठी माणसं उन्हातनं जपून चालायची. आणि बरं का, सावली फार तुडवली की विरायची. सगळी विरली, की माणूसही गेलं. हसतोस काय रे मेल्या? हसण्यासारखी नाही ही गोष्ट.

मग त्या गावात मामाकडे राहायला शेवंता आली. आई नव्हती तिला, आणि पायानं अधू. गावात दौलत म्हणून एक दांडगट पोरगा होता. पहिल्याच दिवशी त्यानं तिच्या सावलीवर उडी मारली. पोरं खिदळली. हौसाही खिदळली. हौसा म्हणजे शेजारची पोर, तुझ्याएवढीच गं.

दुसऱ्या दिवशी दौलत त्या सावलीवर नाचला. हौसा हसली नाही, पण पुढेही गेली नाही. मी थोडीच तुडवतेय, असं मनाशी म्हणाली आणि मान खाली घालून उभी राहिली.

मग घरी तिचा रांगता भाऊ अंगणात तिच्या सावलीवर आला. एवढंसं ते पोर, पण हौसा किंचाळली. आणि तिला आठवलं, शेवंता तर ओरडलीसुद्धा नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेवंताची सावली पाणी घातलेल्या ताकासारखी झाली होती. दौलत पाय उगारून उभा. मग हौसा गेली. शेवंताला खेटून उभी राहिली आणि आपली सावली तिच्या सावलीवर पांघरली. दौलतनं पाय आपटला. कळ दोघींत वाटली गेली. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. ते बघून आणखी एक पोर आलं, मग आणखी एक. खिदळणारी सगळीच आली. वाटता वाटता कळ मुंगी चावल्याएवढी उरली. दौलत पाय आपटून दमला आणि घरी गेला.

शेवंता हौसाला एवढंच म्हणाली, "पहिल्याच दिवशी का नाही आलीस गं?"

हौसा रडली बिचारी.

पुढे शेवंताची सावली भरून आली. दौलतही एक दिवस मान खाली घालून खेळायला आला, त्यालाही घेतलं. सगळी सुखानं राहिली. पण शेवंताची सावली एका कडेला जराशी फिकी राहिली ती राहिलीच. हौसा जन्मभर तिच्या त्याच बाजूनं चालली.

मिटा आता डोळे. तू कशाला रडतेस गं? ये, सरक माझ्याजवळ.