भुरीचं घुंगरू

माणसं हौसेनं मुंगसं पाळत आणि हौस फिटली की माळावर सोडून देत, त्या काळची ही गोष्ट. अशा मुंगसांसाठी एका म्हाताऱ्या साळिंदरानं ओस वारुळात आसरा उघडला होता. ससे गवत अंथरत, टिटवी पहारा देई. नियम एकच होता: गळ्यातलं घुंगरू दारातच काढायचं, कारण त्याच्या आवाजावर कोल्हा येई.

एकदा भुरी नावाची मुंगशी आली. म्हणाली, "आजोबा, घुंगरू काढलं तर मालक मला शोधणार कसा?"

"शोधायचं होतं तर सोडलं कशाला, बाई?" टिटवी फटकन बोलली.

भुरी परत फिरली. साळिंदराला काही सुचेना. नियम मोडावा तर सगळ्यांच्या जिवाला धोका, पाळावा तर ही एकटी कोल्ह्याच्या तोंडी जाणार. अखेर तो म्हणाला, "थांब, पोरी. घुंगरू राहू दे. मी दाराशी बसतो."

पंधरा दिवस तो काटे उभारून दाराशी बसला. आपण चुकलो की काय, हा घोर त्याला लागून राहिला.

मग एका दुपारी टाकून दिलेलं एक पिल्लू बाभळीच्या झुडपात शिरलं. कोणी हाक मारली की ते आणखी आत सरके. भुरी जवळ गेली. घरच्या ओळखीचा घुंगराचा आवाज ऐकताच पिल्लू धावत येऊन तिला बिलगलं.

त्या संध्याकाळी भुरीनं मान पुढे केली. "आजोबा, दोरा तोडा. पण घुंगरू जपून ठेवा. पुढच्या पिल्लाला लागेल."

"आणि तुझा मालक आला तर?"

भुरीनं मान आणखी पुढे केली. "आला, तर तेव्हाही वाजवा."