हौसाबाईचा माळ आणि बुलबुलाचं घरटं

एका गावाच्या वेशीबाहेर एक ओसाड माळ होता आणि तो हिरवा करायच्या मागे हात धुऊन लागलेली हौसाबाई नावाची एक बाई होती. माळ गावाचा, पण वीस वर्षं डोक्यावरून पाणी वाहिलं ते तिनं. करंज, उंबर, बोरी वाढल्या. ससे आले, मुंगसं आली, पाखरांची तर गणतीच नाही. मग त्या शांततेच्या ओढीनं गाणारे, चित्रं काढणारे येऊ लागले. त्यांच्यासाठी हौसाबाईनं कुडाच्या चार झोपड्या उभारल्या. नियम एकच. ज्या जागी पाखरू आधी बसेल, ती जागा पाखराची.

पाटलांच्या मनात मात्र तिथे वीटभट्टी घालायची होती. ते म्हणाले, "हौसाबाई, तुझ्या कलावंतांचा गावाला उपयोग काय? चैत्राच्या उत्सवाला देवीची नवी मूर्ती घडवून दे. माळ तुझ्याकडे राहील. नाहीतर भट्टी."

माळावरच्या झोपडीत राहणाऱ्या रावजी सुतारानं सागवानाची देवी घडवायला घेतली. बसलेली, ओटीसाठी पदर पसरलेली. काम संपत आलं आणि तो भाचीच्या लग्नाला आठ दिवस गेला. मूर्तीवर फडकं टाकायचं विसरला. परत येऊन बघतो तर देवीच्या पदरात बुलबुलाचं घरटं, आत दोन अंडी.

उत्सवाला पंधरा दिवस उरले होते.

रावजी हौसाबाईला म्हणाला, "चार काड्या तर आहेत, आक्का. उचलून फांदीवर ठेवतो."

"ठेवशील रे. पण घर हलवलं म्हणून त्या पाखराला सांगणार कोण?"

"मग माळ जाईल."

हौसाबाईनं माळाकडे नजर वळवली. एकेक झाड बघत राहिली. मग म्हणाली, "तू चेहरा घास. पदराला हात लावू नकोस."

त्या पंधरा दिवसांत तिला धड जेवण गेलं नाही. 

उत्सवाच्या दिवशी पाटील वाजतगाजत पालखी घेऊन आले.

"झाली का मूर्ती?"

"पदराचं काम राहिलंय," हौसाबाईनं सांगून टाकलं.

पाटलांच्या कपाळावर आठी चढली. पहिली ओटी भरायचा मान पाटलीणबाईंचा. त्या खण-नारळ घेऊन पुढे झाल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या. पदरात दोन उघड्या चोची थरथरत होत्या.

"अहो, आधी ते वाजंत्री थांबवा," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या आधी कुणीतरी हिची ओटी भरलीय. भरल्या ओटीनं तिला उठवू नका."

पाटलांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बुलबुलाच्या पिलांकडे. मग पालखी रिकामीच मागे फिरवली.

त्या वर्षीचा उत्सव माळावरच झाला, तोही कुजबुजत. भट्टीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. रावजीनं तो पदर अजून पुरा केलेला नाही.

तात्पर्य: नियम घालणं सोपं असतं, पण तो आपल्याच मुळावर येतो तेव्हाही जो पाळतो, त्याच्या आसऱ्याला पाखरंही येतात आणि माणसंही.