परत यायची लाज

कोल्हापूरचा संग्राम सरनोबत भारतीय संघातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. संघ हरायला लागला तशी प्रशिक्षकांनी त्याला गळ घातली, "एवढ्या स्पर्धेपुरता परत ये." गुडघे नको म्हणत होते, पण मन कधीच मैदानात पोचलं होतं. संमती मात्र महासंघाच्या अध्यक्षांची हवी होती आणि ते वीस वर्षं आपल्या पदावर ठाण मांडून होते.

भर बैठकीत ते कडाडले, "वय झालं म्हणून तुम्हीच गेलात ना? आता परत यायची लाज नाही वाटत?"

संग्राम क्षणभर ओशाळला. मग नम्रपणे म्हणाला, "वाटते ना, साहेब. पण परत यायची लाज वाटायला माणसाला आधी एकदा जावं तरी लागतं!"

बैठकीत हशा पिकला. अध्यक्ष लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"घाला यांचं नाव," ते म्हणाले.