ठकूबाईचा वाटा

फार फार मागची गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. लोक माना डोलावतात, घरी जातात आणि विसरतात. असो. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी निदान जांभया आवरा.

नदीच्या एका वळणात एक गाव होतं. दर पावसाळ्यात नदी अंगावर यायची, म्हणून गावानं मातीचा लांबलचक बांध घातला होता. त्या बांधाचे घरटी वाटे पाडलेले होते आणि प्रत्येक वाट्याच्या कडेला एक दगड रोवलेला होता. वैशाखात ज्यानं त्यानं आपला वाटा भरायचा, श्रावणात नदीनं तो खायचा, पुढच्या वैशाखात पुन्हा भरायचा. बापजाद्यांपासून हेच चाललेलं. माणसं पार कंटाळून गेली होती, पण सांगणार कुणाला? नदीला?

त्या गावाची एक रीत होती. दुसऱ्याच्या वाट्यावर कुणी माती टाकायची नाही. ज्या घरात हातपाय हलवणारं कुणी उरलं नाही, त्याच घराच्या वाट्यावर गाव माती टाकायचं. मग त्या घराचा दगड उपटायचे आणि 'घर बुजलं' म्हणायचे. त्यानंतर त्या घराला गावच्या बैठकीत जागा नसे. म्हणून दुसऱ्याच्या वाट्यावर ओंजळभर माती टाकणं म्हणजे त्याला तोंडावर शिवी देण्यासारखं होतं. वाईट नव्हती हो ती माणसं. नको तेवढी मानी होती.

या गावात ठकूबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. नवरा गेला होता, दोन्ही मुलगे साथीत गेले होते. तरी तिचा दगड जागेवर होता, कारण दर वैशाखात ती स्वतः डोक्यावर पाटी घेऊन बांधावर चढायची. आधी पाटी भरून न्यायची, मग अर्धी, आणि पुढे पुढे तर तळ झाकेल न झाकेल एवढीच माती. आपण असेपर्यंत घर बुजू नये, नवऱ्याचं आणि पोरांचं नाव त्या दगडाबरोबर उपटलं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

एका वर्षी घुशींनी तिचा वाटा आतून पोखरला. बिळं बुजवायची तर खणावं लागणार, आणि खणायला हातांत जोर कुठे होता? तिनं वरून शेणमातीनं सारवून घेतलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय नीटनेटका वाटा आहे!

शेजारचा वाटा शिदूचा होता. त्याला जवळून बिळं दिसली. तो भरलेली पाटी घेऊन दोन पावलं पुढे आला आणि दगडापाशी थांबला.

"काकी, सगळं ठीक आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, म्हटलं आपलं विचारावं."

"विचारलंस ना? मग जा, तुझं काम कर."

शिदू माघारी गेला. काकीचा मान राखला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर त्याची पाठ मोडून आली होती, आणि ती नको म्हणाली तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं. मी त्याला नावं ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.

श्रावणात नदी फुगली. उजाडताच प्रत्येक घर रीतीप्रमाणे आपापल्या वाट्यावर जाऊन उभं राहिलं. ठकूबाईच्या वाट्यातून आधी बोटभर धार लागली. तिनं गोधडी कोंबली. धार मनगटाएवढी झाली. तेव्हा ती धारेला पाठ लावून चिखलातच बसली.

"काकी, टाकू का माती?" शिदू ओरडला. पाटी त्याच्या हातात होती, मध्ये फक्त तो दगड होता.

म्हातारीनं दगडाकडे बघितलं. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. शेवटी म्हणाली, "टाक रे बाबा!"

पण तोवर वेळ गेली होती. शिदूनं पाटी फेकून तिला दंडाला धरून ओढलं, आणि पुढच्या क्षणी बैलगाडी जाईल एवढा बांध फुटला. धान्य गेलं, घरं बसली, गोठ्यात बांधलेली शिदूची बैलजोडी सुटू शकली नाही. माणसं तेवढी बांधावर होती म्हणून वाचली. चार दिवस ती तिथे बसून होती, दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये उरलेला बांध. एवढा सगळा बांध धड होता, पण आता त्याचा काय उपयोग?

पाटील म्हातारीवर कडाडले, "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर माझं घर बुजलं असतं," ती म्हणाली. "मी थकलेय पाटील. फार वर्षांची थकलेय."

"मला बिळं दिसली होती," शिदू खाली मान घालून म्हणाला. "बोललो नाही मी."

मग पाटलीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या वाट्यात तरी काय आहे? वरून हिरवळ, आत नुसती बिळं." पाटलांनी त्यांच्याकडे डोळे वटारले, पण नाही म्हणाले नाहीत. हळूहळू बाकीचेही बोलायला लागले. थकलं नव्हतं असं एकही घर निघालं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच काय ते एकटे थकलोय.

पुढच्या वैशाखात सगळे बांधावर आले आणि पाट्या घेऊन नुसते उभे राहिले. रीत मोडायची कुणी? तेवढ्यात ठकूबाई आपली पाव पाटी माती घेऊन निघाली, ती तडक पाटलांच्या वाट्यावर चढली आणि तिनं पाटी उपडी केली.

"घ्या पाटील! तुमचं घर बुजलं!"

पाटील त्या मूठभर मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली भरलेली पाटी उचलली, ठकूबाईच्या वाट्यावर नेऊन रिकामी केली आणि म्हणाले, "आता तुझंही बुजलं काकी. चल, पुढचा वाटा कुणाचा ते बघू."

नदी त्यानंतरही दर श्रावणात येत राहिली, माणसं थकतही राहिली, पण तो बांध पुन्हा फुटला नाही.

बोध एवढाच: जिथे थकलेल्या माणसाला 'थकलो' म्हणायची लाज वाटत नाही, तेच गाव पुरापुढे टिकतं.