पुठ्ठ्यामागची लाट

“...आणि कणावर पहिला झोत मारलाच नाही, तर?” सुहृदच्या मार्गदर्शक हिर्लेकरबाईंनी विचारलं.

“तर कण गप्प राहतो, मॅडम.” सुहृदला हसू आलं. चार वर्षं संशोधन केल्यावर हा काय प्रश्न!

साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे अर्धवाहकाचे कण. त्यांत मुद्दाम केलेली किंचित भेसळ. लेझरचा एक झोत कणावर आपटायचा, कण घंटेसारखा थरथरायचा, आणि मागून येणारा दुसरा, मंद झोत ती थरथर टिपायचा. पडद्यावर तिची लाट उमटे. भेसळ वाढली की कणाचा सूर उतरतो, हा सुहृदचा शोध. त्यावर प्रबंध उभा होता आणि सुहृदची मानही जरा जास्तच ताठ होती.

“गप्प राहतो... पाहिलंयस?”



बाईंच्या प्रयोगशाळेची एक रीत होती. प्रबंध पाठवण्याआधी शेवटचं मोजमाप पहिला झोत अडवून घ्यायचं. झोत अडवणारा काळा पुठ्ठा बाई कधी धरत नसत. ज्याचा प्रबंध, त्यानेच धरायचा.

सुहृद हे मोजमाप आठवडाभर टाळत होता. प्रबंध उद्या जायचा होता.

“मॅडम, यंत्र फार तापलंय. सकाळी बघू या का...”

बाईंनी पुठ्ठा पुढे केला.

त्याने संरक्षक चष्मा चढवला. एका हाताने पुठ्ठा पुढे धरला, पण पहिल्या झोताचा ठिपका त्याच्या कडेवरच नाचत राहिला. दार उघडून धूम ठोकावी असं त्याला खरोखर वाटलं.

“दोन्ही हातांनी धर.”

ठिपका पुठ्ठ्यावर थांबला. आता कणांवर काहीच आपटत नव्हतं.

पडद्यावर रेघ उमटू लागली. सरळ... सरळ...

मग ती वर गेली. खाली आली. पुन्हा वर.

तीच लाट. तोच सूर. म्हणजे तो कणांचा नव्हताच.

बाई त्याच्याकडे बघत होत्या, पडद्याकडे नाही.

“मार्चमध्ये एकदा झोत चुकून अडला होता,” तो कसंबसं म्हणाला. “तेव्हाही ही लाट दिसली होती... मी ती नोंद पुसली.”

“घाबरलास?”

“हो.” थोडं थांबून, “आत्ताही घाबरलोय.”

बाईंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“मॅडम, मग चार वर्षं मी ऐकत होतो ते काय?”

बाईंनी स्टूल ओढलं आणि पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन बसल्या.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पुठ्ठा हलवू नकोस.”