नदीच्या अलीकडे

त्या खोऱ्यात बळ एकाकडे होते आणि हुकूम दुसऱ्याकडे. सीमा राखत ते गवे. पण त्यांनी कोठे उभे राहायचे आणि कोठून परतायचे, हे उंबराखालची सभा ठरवी. हरणे, ससे, मोर, साळिंदरे सगळे त्या सभेत बसत आणि आपल्यातूनच एकाला प्रमुख निवडत. त्या वर्षी प्रमुखपद सावरी नावाच्या हरिणीकडे होते. गव्यांचा सेनापती होता काळशिंग.

उन्हाळ्यात नदीपलीकडचे रानकुत्रे खोऱ्यात शिरले. गव्यांनी त्यांना गाठले, रेटत नदीपर्यंत नेले आणि पाण्यात लोटले. कळप पाठलागासाठी उतरणार, तोच सावरी धापा टाकत काठावर आली.

"इथंच थांबा," ती म्हणाली.

"थांबलो तर ते पुन्हा येतील," काळशिंग म्हणाला. "आत्ता ते दमलेत. पुरते मोडून येतो."

"पलीकडं दुसऱ्या हरणांची वस्ती आहे. त्यांची पाडसं तुमच्या खुरांखाली येतील. सभेनं तुम्हाला खोरं राखायला सांगितलंय, नदी ओलांडायला नाही."

"तुमचं चुकतंय, असं माझं मत आहे."

"ते मी ऐकलं. सभेतही सांगा, मी अडवणार नाही. पण आत्ता मागं फिरा."

काळशिंगाच्या अंगावरून पाणी आणि रक्त निथळत होते. त्याने एकदा पलीकडे पाहिले. मग तो वळला, आणि त्याच्यामागे सगळा कळप वळला.

रानकुत्रे पुन्हा आलेच. वरच्या अंगाला नदी उथळ होती, तेथून ते शिरले. भुरू नावाच्या सशाने त्यांना पाहिले आणि जिवाच्या आकांताने धावत जाऊन गव्यांना हाक दिली. गव्यांनी त्यांना हुसकावून लावले खरे, पण तोवर काही पाडसे गेली होती. काळशिंगाच्या बहिणीचे वासरूही गेले होते.

सभेत सावरी स्वतःच उभी राहिली. "गव्यांकडं बोट दाखवू नका," ती म्हणाली. "त्यांच्या सेनापतीनं मला सावध केलं होतं. थांबवलं मी. पलीकडच्या पाडसांचा विचार केला, तो मला आजही चुकीचा वाटत नाही. पण वरच्या अंगाला पहारा बसवायला हवा होता, तो मी बसवला नाही. मी पद सोडते."

ती खाली उतरून इतर हरणांत जाऊन बसली.

"आता काळशिंगालाच बसवा," एक मोर ओरडला. पुष्कळांनी त्याची री ओढली. तेवढ्यात काही तरुण गवे येऊन सभेभोवती उभे राहिले.  सशांनी आपली पिल्ले जवळ ओढली.

काळशिंग सर्वांत शेवटी आला. त्याने आधी त्या तरुण गव्यांकडे पाहिले.

"तुम्हाला इथं कोणी बोलावलं?"

"कोणी नाही," त्यातला एक म्हणाला.

"मग सीमेवर जा."

ते गेले. मोर पुढे झाला. "तुमच्या घरचं वासरू गेलंय. तुमचं म्हणणं बरोबर ठरलं. मग बसा ना."

 येताना वाटभर काळशिंगाच्या मनात तेच घोळत होते.

"बहीणही त्या वासरावरूनच बोलते," तो म्हणाला. "तू का वळलास, म्हणते. मी तिला सांगितलं, मला मागं फिर म्हणणारी एक हरिणी होती आणि ती मला भ्यायली नाही. तिच्यासारखं कोणी निवडा. मी बाहेर थांबतो."

तो उंबराच्या सावलीबाहेर, उन्हात जाऊन उभा राहिला. आत वाद झाले, आवाज चढले, उतरले. शेवटी सभेने भुरूला निवडले.

भुरू बाहेर आला. काळशिंगाच्या खुराएवढीच त्याची उंची. सेनापतीला पहिला हुकूम द्यायचा होता, पण त्याचा आवाज तेवढ्या उंचीवर पोहोचेना.

काळशिंगाने पुढचे गुडघे टेकले आणि हनुवटी गवतावर ठेवली. त्याची दोन्ही शिंगे सशाच्या दोन बाजूंना आली. भुरू त्या दोन टोकांच्या मधून, कान न टवकारता, सावकाश चालत त्याच्या कानापाशी गेला. सभेत सशांची पिल्ले चरत होती. कोणीही त्यांना जवळ ओढले नाही.