बोरटेकची पाण्याची चूल

बोरटेकच्या टेकडीवर मेथडिस्ट मंडळीचं बसकं प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या दारातच एक दगडी चूल आहे. देवाच्या दारात चूल कशाला, म्हणून पाहुणे बुचकळ्यात पडतात. चुलीपाशी बसलेले शलमोनबाबा आधी त्यांच्या हाती पितळी तांब्या देतात. पाणी कोमट असतं. उन्हात टेकडी चढून आलेल्यांची तोंडं वाकडी होतात, ती बाबांना बरोबर दिसतात. "प्या आधी, मग नावं ठेवा," असं म्हणून ते सांगू लागतात.

फार पूर्वी या मुलखात हार्लोसाहेब नावाचा पाद्री आला. मेथडिस्टांचा इथला पहिलाच. बारा गावं, एक तट्टू आणि खोगिराला टांगलेली काळी किटली, एवढाच म्हणे त्याचा संसार. तो मुलांना अक्षरं शिकवी, बाप्यांची दारू सोडवी आणि देवाघरी कुणी वरचा-खालचा नाही असं सांगे. गावची विहीर गावकुसाबाहेरच्या वस्तीला बंद होती. ती माणसं ओढ्यात खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरत. त्यांना ते बोलणं किती गोड लागलं असेल!

त्याच्यावर आधी विश्वास टाकला तो ठकूबाईनं. विधवा बाई, तोंडाची फटकळ. साहेब आला की ती तांब्या पुढे करी. साहेब हसून हात जोडी आणि आपल्या किटलीतलं पाणी पिई. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली.

पुढे वस्तीत पहिलं प्रीतिभोजन ठरलं. मेथडिस्टांची ही जुनी रीत: सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा खायचा आणि एकाच भांड्यातलं पाणी प्यायचं. भांड्यात ओतायला साहेबानं किटली उचलली, तशी ठकूबाई तांब्या घेऊन उभी राहिली.

"सायेब, आमच्या हातचं पानी तुमालेबी चालत नाई काय जी?"

साहेबाच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. असा अर्थ निघेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खालच्या गावात पटकीची, कॉलऱ्याची साथ आहे, पाणी उकळून प्यावं लागतं, असं तो चाचरत सांगू लागला.

"कारन तं सारेच सांगतात जी," ठकूबाई म्हणाली.

साहेबानं सगळ्यांदेखत किटली मातीत रिकामी केली, तिच्या हातचा तांब्या घेतला आणि घटाघटा संपवला. ठकूबाईला आभाळ ठेंगणं झालं.

तिसऱ्या दिवशी साहेबाला पटकी झाली.

ते कानावर आलं तेव्हा ठकूबाई भाकरी थापत होती म्हणे. हात पिठातच राहिले. तो खोटं बोलत नव्हता! पाण्यात काय आहे हे ठाऊक असून तो प्याला होता. ती तशीच धावत टेकडीवर, त्याच्या झोपडीत गेली. "म्या मारलं तुमाले," एवढंच तिच्या तोंडून फुटलं. साहेबाचे डोळे खोल गेले होते. तो पुटपुटला, "पाणी गोड होतं, बाई. फक्त आधी चुलीवर ठेवत जा. सगळ्यांसाठी."

दिवस मावळायच्या आत तो गेला. त्या आठवड्यात वस्तीतली आणखी चार माणसं गेली.

ठकूबाईनं साहेबाच्या झोपडीच्या दारात, आज प्रार्थनामंदिर आहे तिथेच, तीन दगड मांडले. पुढे उभी हयात ती तिथे पाणी उकळत राहिली. वस्तीत पुन्हा पटकी शिरली नाही, असं सांगतात. कुणी तिला धीर द्यायला गेलं तर ती तांब्या पुढे करी.

शलमोनबाबा तिच्या लेकीचे नातू. गोष्ट इथवर आली की ते चुलीत लाकूड सारतात. पाहुण्यांच्या हातातले तांबे तोवर रिकामे झालेले असतात.

आजही बोरटेकला नवा पाळक आला की पहिला घोट ठकूबाईच्या घरच्या बाईच्या हातून घेतो. आजही पाणी खळखळ उकळल्याशिवाय तिथे कुणाच्या हाती तांब्या देत नाहीत. आणि एकदा दिला, की कुणाला नाही म्हणू देत नाहीत.